हरकत नाही म्हणायचं नाही

आमच्याकडं पेपर आला की मी तो आधी मधल्या पानावर उघडतो. राजकारण, फुटबॉलच्या मॅचेस, निधनवार्ता हे सगळं नंतर. आधी जाहीर नोटिसा. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतल्या त्या चौकटीत एखाद्या सकाळी 'वीज दर प्रस्ताव' हे शब्द दिसतात आणि मी तिथंच अडकतो. समोरचा चहा निवून जातो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आली वाटतं?" मी नुसती मान हलवतो. पुढचे दोन महिने घरात माझ्याशी कुणी सरळ बोलत नाही, कारण मीच कुणाशी सरळ बोलत नाही.

निवृत्त झालो तरी हे दुखणं गेलेलं नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझी नोकरी म्हणजे हरकती घेणं, चिवडा खाताना असलं कोण वाचणार? ते म्हणाले, लाइटबिल कुणाला चुकलंय? एवढ्या मुद्द्यावर मला हरकत घेता आली नाही.

मी मूळचा वायरमन. उचगावच्या एका फाउंड्रीत होतो. तिथल्या मालकाला लाइटबिल कळत नसे आणि ते कळत नसल्याचं सांगायची लाज वाटे, म्हणून दर महिन्याला ते बिल माझ्याकडं यायचं. वाचता वाचता मला त्याची गोडी लागली. पुढं फाउंड्री बंद पडली आणि वीजग्राहकांच्या एका संघटनेनं मला पगारावर घेतलं. शिवाजी पेठेत, एका सायकलच्या दुकानावर आमची एक खोली होती. लोक बिलं घेऊन जिना चढायचे, मी ती वाचायचो आणि लागेल तिथं त्यांच्या नावानं हरकत लिहायचो. पेठेत माझं नाव 'हरकत मास्तर' पडलं. बायको म्हणते, अंतरपाट धरला तेव्हा घ्यायची ती एकच हरकत ह्यांनी घेतली नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडं समजावून सांगतो. विजेचा दर कंपनीला मनाला येईल तसा वाढवता येत नाही. ती वीज नियामक आयोगापुढं प्रस्ताव मांडते: खर्च एवढा, तूट एवढी, म्हणून दर एवढा हवा. हा प्रस्ताव उशाला घेऊन झोपता येईल इतका जाड असतो. निकाल देण्याआधी आयोगानं लोकांचं ऐकलं पाहिजे असा कायदा आहे. म्हणून ती पेपरातली नोटीस: अमुक तारखेच्या आत सूचना व हरकती पाठवा. मग एक दिवस सुनावणी होते. ज्यानं लेखी हरकत दिली त्याला नंबर मिळतो. नंबर पुकारला की माईकसमोर जायचं, पाच मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की थांबायचं. बाजूला एक लिपिक बसून बोललेलं टाइप करत असतो. पुढं निकालपत्र निघतं, त्यात हरकतदार काय म्हणाला, कंपनीनं काय उत्तर दिलं आणि आयोगानं काय ठरवलं, हे तिन्ही ओळीनं छापलेलं असतं.

सामान्य माणसाच्या वाट्याला ती पाच मिनिटं. ती फुकट जाऊ नयेत एवढ्यासाठी मला पगार होता आणि एवढ्याचीच मला कायम धास्ती असे. मुदत चुकली तर? पोच घेतलेल्या प्रतीवर शिक्का उमटलाच नसेल तर? माणूस नंबर पुकारायच्या वेळेलाच लघवीला गेला तर? हसू नका, हे झालेलं आहे.

पण सगळ्यात मोठी धास्ती मला एका गुरुजींनी लावली. उचगावचेच निवृत्त शिक्षक, बोलणं अत्यंत मऊ. मीटर न बघताच अंदाजानं बिल काढतात, अशी त्यांची हरकत होती. त्यांचा नंबर आला तेव्हा आयोगाचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, एका आजारी माणसाला आधी घेतो, तुम्ही जरा थांबता का?" गुरुजी हात जोडून म्हणाले, "हरकत नाही." आणि जाऊन बसले. तास गेला, दोन तास गेले, हॉल रिकामा होत आला, गुरुजींना कुणी पुकारेना. मी जाऊन चौकशी केली. लिपिकानं यादी दाखवली. गुरुजींच्या नंबरापुढं टाइप केलं होतं: 'हरकत नाही.' तो बिचारा सकाळपासून नंबरामागून नंबर टाइप करत होता, त्यानं कानावर पडलं ते लिहिलं. मी तसाच मंचाकडं धावलो. अध्यक्ष हसले, ओळ खोडली, गुरुजींना पाच मिनिटं मिळाली.

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. आपल्याकडं पाहुण्याच्या पायावर चहा सांडला तरी तो हरकत नाही म्हणतो. कुणी रांगेत पुढं घुसलं, हरकत नाही. लग्नाची तारीख पुढं गेली, हरकत नाही. आणि हीच माणसं हरकत घ्यायला म्हणून तिथं जाणार! दुसऱ्या दिवशी मी खोलीतल्या फळ्यावर रंगानं लिहून टाकलं: 'सुनावणीत हरकत नाही म्हणायचं नाही. चालेल म्हणायचं.' जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाकडून मी ते दोनदा म्हणून घ्यायचो.

हा नियम सर्वांत कडक पाळला तो आमच्याच पेठेतल्या तालमीच्या वस्तादांनी. तालमीच्या मीटरला कुणीतरी दुकानाचा दर लावून ठेवला होता. वस्ताद सुनावणीला एकटे यायचे तर तीसेक पैलवान घेऊन आले. ती गर्दी बघून अध्यक्षांनी पाणी मागवलं.

"आपला व्यवसाय?" त्यांनी विचारलं.

"कुस्ती."

"उत्पन्न काय मिळतं त्यातून?"

वस्तादांनी शेजारच्या पैलवानाची मान धरून त्याचा चेंदामेंदा झालेला कान पुढं केला. "ह्ये बगा उत्पन्न. हुईल तेवडं वाटून घ्या."

हॉल खदखदून हसला. त्यानंतर त्यांना थांबा म्हटलं की "चालंल", बसा म्हटलं की "चालंल", आणि कार्यक्रम संपला, आभारी आहोत, यालाही "चालंल". तालमीचा दर पुढं कंपनीच्या इथल्याच ऑफिसात सरळ करून मिळाला. वस्ताद मात्र तेव्हापासून मी रस्त्यात भेटलो की रामराम न घालता "चालंल!" असं ओरडतात. पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आजऱ्याहून आक्काताई आल्या. पन्नाशीच्या, अंगानं काटक. काजूच्या रिकाम्या पिशवीत बिलं नीट घडी करून आणलेली. आजऱ्याच्या बाहेर अकरा बायकांनी मिळून एक शेड चालवली होती. काजूची बी वाफवायची, पायानं चालवायच्या कटरवर फोडायची, आतला गर ड्रायरमध्ये वाळवायचा, मग त्याची साल काढायची. फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं आणि कातडं भाजून काळं पडतं. आक्काताईंची बोटं मला टेबलावर दिसत होती. ह्या सगळ्याजणी आधी दुसऱ्याच्या शेडात रोजावर फोडायलाच बसायच्या. आपला ड्रायर घेतल्यापासून त्या आपल्या मालाच्या मालकिणी झाल्या होत्या.

अडचण अशी होती. वीज वापरा किंवा न वापरा, बिलात एक स्थिर आकार असतो, मीटर लटकत असल्याचं भाडंच समजा. वर्षातून काही महिनेच चालणाऱ्या उद्योगांना बंदच्या काळात त्यात सवलत असते. आजऱ्यात पावसाळाभर शेड बंद. आणि कंपनीच्या नव्या प्रस्तावात ह्या हंगामी उद्योगांच्या यादीतून काजूचं नाव गाळलं होतं. एका ओळीचा बदल. तो झाला तर बंद शेडसाठी पुरा आकार भरावा लागणार होता आणि तेवढी त्यांची ताकद नव्हती.

मी म्हटलं, "आक्काताई, हरकत मी लिहितो. पण माईकवर तुम्ही बोला."

"मला न्हाय जमायचं भाऊ. माईक बगितला की माजी जीब टाळ्याला चिकटती. तुमीच बोला." मग पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "डायर इकाय लागला तर आमी परत दुसऱ्याच्या शेडात. तेवडं सांगा त्यास्नी. बाकी काय तुमास्नी म्हाईत."

त्यांचा प्रतिनिधी म्हणून मी नाव दिलं. तयारी अशी केली की माझीच मला दृष्ट लागावी. महिनावार मीटरचं वाचन एका कागदावर मांडलं. पावसाळ्यात आकडा जवळपास हलतच नव्हता. शेड हंगामी असल्याचा ह्याहून दुसरा पुरावा नको होता.

सुनावणीला आक्काताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. माझा नंबर आला. चार मिनिटं मी बरा बोललो. मग कंपनीचे अधिकारी उठले आणि शांतपणे म्हणाले, "काजूचे कारखाने आता परदेशातून बी आणून वर्षभर चालतात. त्यांना हंगामी म्हणता येणार नाही." मोठ्या कारखान्यांबाबत हे खरं होतं, ह्या शेडबाबत नव्हतं, आणि त्याचं उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं. मी कागद शोधू लागलो. वरचा खाली, खालचा वर. तेवढ्यात घंटी वाजली. अध्यक्ष सौजन्यानं म्हणाले, "मास्तर, तुमचं बाकीचं लेखी द्या. कंपनीचा खुलासा नोंदवून आपण पुढं जाऊ."

मी हात जोडले आणि म्हणालो, "हरकत नाही."

लिपिकाच्या बोटांचा आवाज मला ऐकू आला. पुढचा नंबर पुकारला गेला. मी खुर्चीवर येऊन बसलो तरी मला काही जाणवलंसुद्धा नाही.

बाहेर पायऱ्यांवर आक्काताई जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, तुमी 'हरकत न्हाय' म्हणालासा. 'चालंल' म्हणायचं हुतं न्हवं?"

माझ्या पायाखालची पायरीच सरकली. अजून वेळ होता. आत सुनावणी चालू होती, गुरुजींसाठी धावलो होतो तसं आत जाऊन एक ओळ खोडून घ्यायची होती. पण त्याच दिवशी संघटनेच्या लोकांनी माझ्या निवृत्तीचं म्हणून तिथंच व्हरांड्यात शाल-नारळ ठेवला होता. कंपनीचे दोन-तीन अधिकारीही कौतुकानं थांबले होते. एवढ्या वर्षांच्या भांडणात आम्हाला एकमेकांची सवय झाली होती. खांद्यावर शाल घेऊन मी आत जाऊन काय सांगणार होतो? की सगळ्या जिल्ह्याला शिकवणारा मास्तरच नेमका त्या शब्दावर पडला?

मी आक्काताईंना म्हणालो, "तेवढ्यानं काय होत नाही हो. लेखी सगळं दिलेलं आहे."

त्या बरं म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघून गेल्या. मी भाषण केलं, पेढा खाल्ला. तो पेढा गिळताना किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलाशाचं पत्र धाडलं. मीटरचं वाचन जोडलं आणि 'आमची हरकत कायम आहे' हे वाक्य अधोरेखित केलं. ते पत्र वेळेत पोचलं का, कुठल्या फाइलला लागलं, कुणी वाचलं का, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढचे कित्येक आठवडे मी निकालाची वाट बघत काढले. बायको ताटात वाढायची आणि मी भाकरीचे तुकडे करून तसाच बसायचो. वस्ताद एकदा रंकाळ्यावर भेटले आणि नेहमीसारखे "चालंल!" म्हणून ओरडले, तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो.

निकालपत्र आलं. मी ते कॉम्प्युटरवर शेवटून वाचत आलो, कारण सुरुवातीपासून वाचायचा धीर नव्हता. काजूचं नाव यादीतून गेलं होतं. हरकतीच्या भागात तीन ओळी होत्या. तिसरी अशी: 'हरकतदारांच्या प्रतिनिधीने कंपनीच्या खुलाशावर हरकत नसल्याचे सुनावणीवेळी सांगितले.'

ती ओळ नसती तर निकाल वेगळा लागला असता का? जाणकार मित्र म्हणतात, लागला नसता, ठरलेलंच होतं. असेलही. पण मला ते कधीच कळणार नाही आणि म्हणूनच ते पोटातून जात नाही. चुकीचं मला तितकं वाटत नाही, तोंडातून शब्द कुणाच्याही निसटतो. पायऱ्यांवर जे बोललो ते मात्र निसटलेलं नव्हतं. ते मी ठरवून बोललो होतो.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून एसटीनं आजऱ्याला गेलो. शेडच्या पत्र्यावर पाऊस असा लागला होता की दुसऱ्याचं बोलणं ऐकू येईना. ड्रायरवर ताडपत्री घातली होती. पाच-सहा बायका एका व्यापाऱ्याचे गर रोजावर सोलत बसल्या होत्या. मी निकालाची प्रत काढली, ती तिसरी ओळ मोठ्यानं वाचली आणि सांगितलं, "चूक माझी आहे. आणि त्याच दिवशी दुरुस्त करता आली असती, तीही मी केली नाही."

एक म्हातारी हातातली सुरी ठेवून उठली. चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं तर ती म्हणाली, "घ्या की वो घोटभर, हरकत न्हाय." तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ते अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं.

आक्काताई खाली मान घालून सोलतच होत्या. तशाच म्हणाल्या, "मला तवाच कळलंतं भाऊ."

"मग तुम्ही आत जाऊन सांगितलं का नाही?"

"तुमी म्हणालासा, काय हुईत न्हाय. तुमी मास्तर. आमी काय बोलायचं?"

चहा आला, मी प्यालो. निघताना त्या दारापर्यंत आल्या. काही हरकत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "फुडची सुनावणी कवा असती? त्या टायमाला नंबर माज्या नावावर घ्या. मी बोलतो."

त्यानंतर त्या बायकांनी दुसऱ्यांचं सोलून, घरातलं मोडून तो ड्रायर कसाबसा सांभाळला. चौघीजणी सोडून गेल्या. यंदा नव्या प्रस्तावाची नोटीस आली आणि आक्काताईंनी मला निरोप धाडला, ही शेवटची बारी, न्हाईतर डायर इकायचा. आता नोकरी नसली तरी, काजूचं नाव यादीत परत घाला ही हरकत मीच लिहिली. पाच मिनिटांचं बोलणं त्यांनी गोठ्यात म्हशीपुढं उभं राहून पाठ केलं. म्हैस मधेच रवंथ थांबवून बघायची म्हणे. त्या म्हणाल्या, तिनं ऐकलं म्हंजे सायेबबी ऐकंल. निकाल अजून यायचाय. हे लिहितानासुद्धा माझा अर्धा जीव त्या निकालपत्रात आहे.

पण सुनावणी झाली आणि ती मी मागच्या रांगेतून बघितली. आक्काताईंचं नाव पुकारलं. माईक त्यांच्या तोंडाच्या वर होता, तो त्यांनी काळ्या बोटांनी धरून खाली ओढला.

"सायेब, आजऱ्याचा पाऊस कवा बगितलाय काय? तवा बी वाळत न्हाय, माणूसबी वाळत न्हाय. शेड बंद असती. मीटर झोपल्याला असतोय, आनि तुमी त्येचं जागरनाचं भाडं घेताय."

कंपनीचे अधिकारी उठले. माणूस नवा होता, उत्तर तेच होतं: परदेशी बी, वर्षभर काम. आक्काताईंनी फाइल शोधली नाही. पदराच्या गाठीतून मीटरच्या वाचनाचा कागद काढला आणि मंचावर ठेवला. "भायेरदेशची बी मोठ्या कारखान्यात येती. आमच्या शेडात ती कुणी बगितली आसंल तर त्येनं हितं येऊन सांगावं."

घंटी वाजली. अध्यक्ष घड्याळाकडं बघून चांगल्या शब्दांत म्हणाले, "ताई, कागद घेतला आम्ही. बाकीचं लेखी द्या. कंपनीचं म्हणणं नोंदवून पुढं जाऊ. हरकत नाही ना?"

मी खुर्चीवरून उठलोच. शेजारच्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. आक्काताईंनी मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या अध्यक्षांकडंही बघत नव्हत्या. टाइप करणाऱ्या लिपिकाकडं बघत होत्या.

"हरकत हाय," त्या म्हणाल्या. "हरकत हाय म्हणूनच आजऱ्यासनं आलोय. तसं लिव्हा."

लिपिकानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी मान हलवली. त्याची बोटं चालली तरी आक्काताई माईकपासून हलल्या नाहीत. लिहिलेलं त्यांनी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मगच त्या बाजूला झाल्या.